एका पंपात दोन औषधे, एका ताटात तीन

काजूला पालवी फुटू लागली की या सदराकडे ‘औषध मारण्या’च्या शंका येऊ लागतात. या खेपेला बहुतेक पत्रांत एकेका कीटकनाशकाबद्दल नाही, तर दोन-तीन एकत्र आली की शरीरात काय होते, असे विचारले आहे. काही पत्रे सारखीच होती, ती एकत्र केली आहेत.

काजूवरच्या ढेकण्या किडीसाठी आम्ही लॅम्बडा सायहॅलोथ्रिन आणि प्रोफेनोफॉस वेगवेगळ्या वेळी मारायचो. मजुरी परवडत नाही म्हणून यंदा दोन्ही एकाच पंपात घालावी म्हणतो. दुकानदार म्हणतो, “पॉवर डबल होते, माणसाला काही होत नाही. लाल त्रिकोण तर कशावरच नाही.” हे खरे का?
– काजू बागायतदार, वाळपई

पॉवर वाढते हे खरे. गोची अशी की ती ज्या कारणाने वाढते, ते कारण ढेकण्यात आहे तसेच माणसाच्या पेशीतही आहे.

लॅम्बडा सायहॅलोथ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातले. या गटाची औषधे किड्याला चटकन मारतात आणि माणसाला तुलनेने कमी बाधतात. याचे एक मोठे कारण म्हणजे आपल्या यकृताच्या पेशींतले कार्बॉक्सिलएस्टरेज हे एन्झाइम. पायरेथ्रॉइडच्या रेणूत एक एस्टर जोड असतो. हे एन्झाइम तो जोड पाण्याच्या साहाय्याने तोडते आणि उरलेले तुकडे लघवीवाटे निघून जातात. उंदराच्या रक्तातही हे एन्झाइम असते. माणसाच्या रक्तद्रवात ते जवळजवळ नसतेच, आपली सारी भिस्त यकृतावर. म्हणून उंदरावरचा आकडा पाहून माणसाचा अंदाज बांधताना इथे फसगत होऊ शकते.

प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट. मज्जातंतूंच्या सांध्यात अ‍ॅसिटिलकोलीन नावाचा निरोप्या असतो, निरोप पोचला की अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम त्याला साफ करते. ऑर्गॅनोफॉस्फेट या एन्झाइमला चिकटून ते बंद पाडते, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण त्याच पद्धतीने ते कार्बॉक्सिलएस्टरेजलाही चिकटते. म्हणजे ज्या सुरीने पायरेथ्रॉइड कापले जायचे तीच बोथट. किड्यातही हेच घडते, आणि एरवी दाद न देणारी कीड मिश्रणाने मरते ती यामुळेच. मानवी यकृताचा अर्क घेऊन केलेल्या प्रयोगांत क्लोरपायरिफॉस या ऑर्गॅनोफॉस्फेटपासून शरीरात बनणाऱ्या ऑक्सॉनने परमेथ्रिन या पायरेथ्रॉइडचे विघटन असेच रोखलेले दिसले आहे.

शिवाय दोन्ही औषधे एकाच तंतूवर दोन टोकांनी घाव घालतात. पायरेथ्रॉइडमुळे मज्जापेशीवरची सोडियमची दारे वेळेवर मिटत नाहीत आणि पेशी पुन्हा पुन्हा निरोप सोडत राहते. ऑर्गॅनोफॉस्फेटमुळे सुटलेला निरोप पुसला जात नाही. नळ चालू आणि मोरीला बोळा, असा प्रकार.

ही माहिती नवी नाही. ईपीएन आणि मॅलेथिऑन ही दोन ऑर्गॅनोफॉस्फेटे एकत्र दिली तर त्यांची विषबाधा बेरजेपेक्षा कितीतरी पट वाढते, हे अमेरिकेत १९५७ साली प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसले होते. कारण हेच. मॅलेथिऑन निकामी करणारे कार्बॉक्सिलएस्टरेज ईपीएनने बंद पाडले होते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना वीसच्या आसपास माणसे दगावली आणि शेकडो जणांना रुग्णालयात भरती करावे लागले. तेव्हा चर्चेत आलेल्या औषधांत प्रोफेनोफॉस ४० टक्के अधिक सायपरमेथ्रिन ४ टक्के हे तयार मिश्रणही होते. तुम्ही पंपात जे करू म्हणता, ते त्याचेच भावंड. तयार मिश्रणात निदान प्रमाण ठरलेले असते. घरच्या मिश्रणात बहुधा दोन्हींची पूर्ण मात्रा पडते आणि वर एखादे झाकण ‘असू दे’ म्हणून.

डब्यावर विषाची तीव्रता दाखवणाऱ्या त्रिकोणाविषयी. रंग ठरतो तो तोंडावाटे दिल्यास निम्मे प्रयोगप्राणी मारणाऱ्या मात्रेवरून. लाल म्हणजे किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंत, पिवळा ५१ ते ५००, निळा ५०१ ते ५०००, हिरवा त्यापुढे. ही मोजणी त्या एका डब्यातल्या मालापुरती असते. दोन पिवळे एकत्र केल्यावर कोणता रंग होतो, ते कुठल्याच लेबलवर छापलेले नसते.

तेव्हा फवारण्या वेगळ्याच ठेवा. कोकणपट्टीतली रूढ मात्रा १० लिटर पाण्याला लॅम्बडा ५ टक्के ६ मिली (पालवीवर) आणि प्रोफेनोफॉस ५० टक्के १० मिली (मोहरावर) अशी आहे. तुमच्या डब्यावरचे लेबल वेगळे सांगत असेल तर लेबल प्रमाण. पालवी ते मोहर या अंतरात यकृताच्या पेशी नवे एन्झाइम तयार करू शकतात.

आता सगळ्यात धोक्याची वेळ. ती झाडाखाली नसते, पंप भरताना असते. प्रोफेनोफॉस ५० टक्केच्या १ मिलीत सुमारे ५०० मिलिग्रॅम विष असते. तेवढेच विष तयार द्रावणाच्या एका लिटरभर पाण्यात असते. डब्यातले चमचाभर, म्हणजे ५ मिली, मनगटावर सांडले तर पाच लिटर द्रावणाने अंघोळ केल्यासारखे. डब्यातला तेलकट द्रावक ते कातडीतून झपाट्याने आत नेतो. म्हणून मोजताना नायट्राइलचे लांब हातमोजे घाला. कापडी हातमोजे औषध शोषून हाताला धरून ठेवतात, त्यापेक्षा उघडा हात लगेच साबणाने धुणे बरे. गळका पंप पाठीवर घेऊ नका. ओल्या पाठीवरून द्रावण चड्डीपर्यंत उतरते, आणि अंडकोषांची कातडी हातापेक्षा दसपटीहून अधिक औषध शोषते. हे पॅराथिऑन या कीटकनाशकावर माणसांतच मोजले गेले आहे. काजूला फवारा वर मारावा लागतो, थेंब खाली येतात. लांब दांडी वापरा, वारा पाठीवर घ्या, आणि तोंडाला रुमाल बांधून समाधान मानू नका. रुमाल भिजला की तोच औषधाची पट्टी होतो.

गेल्या हंगामातला मॅलेथिऑनचा अर्धा डबा पत्र्याच्या खोपटीत पडून आहे. मुदत संपलेली नाही. वापरला तर चालेल?
– भाजी उत्पादक, डिचोली

एप्रिल-मे पत्र्याखाली काढलेला डबा असेल तर नको. उष्णतेत मॅलेथिऑनचा काही भाग आयसोमॅलेथिऑनमध्ये बदलतो, आणि हा भाऊ मॅलेथिऑन तोडणाऱ्या कार्बॉक्सिलएस्टरेजच्याच मुळावर येतो. डबा एक, नाव एक, पण आत मिश्रण तयार झालेले.

१९७६ मध्ये पाकिस्तानात हिवतापाच्या मोहिमेत हेच घडले. सुमारे ७५०० फवारणी कामगारांपैकी अंदाजे २८०० जणांना बाधा झाली आणि पाच दगावले. मॅलेथिऑन हे त्यातल्या त्यात सौम्य म्हणून निवडले होते. पाण्यात मिसळायच्या पुडीत साठवणीत आयसोमॅलेथिऑन वाढलेले निघाले. डबा ओतून देऊ नका, विहीर-ओहोळाच्या आसपास तर मुळीच नको. झाकण लावून, नाव लिहून वेगळा ठेवा आणि विभागीय कृषी कार्यालयात विल्हेवाटीची विचारणा करा.

बाजारच्या भाजीच्या चाचणीचा एक अहवाल पाहण्यात आला. वांग्यात एक, भेंडीत दुसरे, मिरचीत तिसरे कीटकनाशक, आणि प्रत्येकापुढे ‘मर्यादेच्या आत’. पण तिन्ही भाज्या एकाच दिवशी आमच्या ताटात येतात. मग मर्यादेला अर्थ काय?
– गृहिणी, म्हापसा

अर्थ आहे, पण तुम्ही समजता तो नाही. अवशेषाची कमाल मर्यादा ही मुळात शेतातल्या शिस्तीची मोजपट्टी आहे. लेबलप्रमाणे फवारले, काढणीपूर्वीचे दिवस पाळले, तर किती अवशेष उरावा, ते ती सांगते. ज्या औषध-पीक जोडीसाठी मर्यादा ठरलेली नाही तिथे आपल्या अन्नसुरक्षा नियमांत किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम धरतात. आरोग्याची मोजपट्टी वेगळी. तिला ‘दैनिक स्वीकार्य सेवन’ म्हणतात, आणि ती शरीराच्या वजनावर असते. बेरीज करायची ती या दुसऱ्या पट्टीने.

एक हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, कुठल्या अहवालातले नव्हेत. २०० ग्रॅम वांग्यात क्लोरपायरिफॉस किलोमागे ०.१ मिलिग्रॅम. पोटात गेले ०.०२ मिलिग्रॅम. ६० किलोच्या माणसाला भागले तर किलोमागे ०.०००३३. या औषधाचे स्वीकार्य सेवन ०.०१, म्हणजे झाले ३.३ टक्के. १५० ग्रॅम भेंडीत अ‍ॅसिफेट ०.५ मिलिग्रॅम प्रतिकिलो: त्याचे स्वीकार्य सेवन ०.०३, हिस्सा ४.२ टक्के. २० ग्रॅम मिरचीत प्रोफेनोफॉस २ मिलिग्रॅम प्रतिकिलो: स्वीकार्य सेवन तेच ०.०३, हिस्सा २.२ टक्के. एकूण ९.७. तिन्ही ऑर्गॅनोफॉस्फेट, तिघांचे लक्ष्य एकच, म्हणून बेरीज न्याय्य. शंभराच्या खूप आत आहे, घाबरण्यासारखे नाही.

आता तेच ताट निम्मे करून १२ किलोच्या मुलापुढे ठेवा. वजन पाचपट कमी, जेवण दुपटीनेच कमी, म्हणून हिस्सा अडीचपट. सुमारे २४ टक्के. अजूनही आत, पण यात भात, फळे, घरातली फवारणी धरलेली नाही. मुलांच्या बाबतीत बेरीज लवकर भरत येते, एवढे लक्षात असू द्या.

प्रत्येकाचा परिणाम शून्य, मग एकत्रित परिणामही शून्य, असे मात्र मानू नये. २००२ साली लंडनमधल्या संशोधकांनी मानवी इस्ट्रोजेनचा ग्राही (रिसेप्टर) बसवलेल्या यीस्टच्या पेशींवर आठ दुबळी रसायने घातली. त्यांतली सगळीच कीटकनाशके नव्हती. एकेकटी ज्या मात्रेत काहीच दिसत नव्हती, त्याच मात्रांत आठही एकत्र घातल्यावर परिणाम स्पष्ट दिसला. अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने समान यंत्रणेच्या कीटकनाशकांचा एकत्रित धोका मोजणे सक्तीचे केले. युरोपात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये मज्जासंस्था आणि थायरॉइड यांच्यासाठी असे एकत्रित मूल्यमापन प्रसिद्ध केले. आपल्याकडच्या अहवालात रकाने वेगवेगळेच असतात, बेरीज तुम्हीच करायची.

धुण्याबद्दल थोडे. वाहत्या पाण्याखाली हाताने चोळणे हे बुडवून ठेवण्यापेक्षा बरे. खायचा सोडा लिटरला १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन सपाट चहाचे चमचे, १२ ते १५ मिनिटे आणि मग स्वच्छ पाणी. २०१७ मध्ये सफरचंदांवर हे करून पाहिले तेव्हा पृष्ठभागावरचे थायाबेंडाझोल ८० टक्के आणि फॉस्मेट ९६ टक्के निघाले. पण थायाबेंडाझोलचा काही भाग सालीत शिरलेला होता, तो धुऊन निघाला नाही. इमिडाक्लोप्रिड, अ‍ॅसिफेट अशी आंतरप्रवाही औषधे तर झाडाच्या रसातूनच फिरतात. तिथे सोडाही काही करत नाही आणि व्हिनेगरही. दुधी, काकडी सोलता येतात, भेंडी नाही. म्हणून भेंडी, मिरची, पालेभाजी ओळखीच्या मळ्यातली मिळाली तर तिथे दोन रुपये जास्त मोजावेत, असे आमचे मत.

पदव्युत्तर प्रकल्पात दोन कीटकनाशकांचा हेप-जी-२ या यकृताच्या पेशींवर एकत्रित परिणाम तपासायचा आहे. एमटीटी या रंगाच्या चाचणीत अ ने ५ टक्के आणि ब ने ५ टक्के पेशी मेल्या, मिश्रणात ३० टक्के. याला सहक्रिया (बेरजेपेक्षा जास्त परिणाम) म्हणता येईल ना?
– विद्यार्थिनी, फोंडा

नाही. ही चूक छापील लेखांतही सापडते, म्हणून सविस्तर सांगतो. समजा, अ आणि ब या दोन बाटल्यांत एकच औषध आहे. १० मायक्रोमोलर घातले तर ५ टक्के पेशी मरतात, २० घातले तर ३०. मात्रेचा आलेख सरळ रेषेत नसतो, इंग्रजी एस अक्षरासारखा असतो, त्यामुळे असे होणारच. आता ‘अ’ बाटलीतले १० आणि ‘ब’ बाटलीतले १० एकत्र केले की ३० टक्के मेल्या. औषधाने स्वतःशीच सहक्रिया केली काय? टक्केवारीची बेरीज करायची नसते, मात्रांची करायची असते.

पद्धत अशी. आधी प्रत्येकाचा एकट्याचा पूर्ण आलेख काढा, सहा ते आठ मात्रा, प्रत्येक मात्रेला तीन कूप (ताटलीतले खळगे), आणि अख्खा प्रयोग वेगवेगळ्या दिवशी किमान तीनदा. ५० टक्के पेशी मारणारी मात्रा काढा. समजा अ ची ४० आणि ब ची ८० मायक्रोमोलर आली. मग १ : २ या पक्क्या गुणोत्तरात मिश्रण करून त्याचाही आलेख काढा. मिश्रणात ५० टक्क्यांसाठी अ २० आणि ब ४० लागले, तर २०/४० अधिक ४०/८० म्हणजे १. ही नुसती बेरीज. अ १० आणि ब २० मध्येच काम भागले तर ०.२५ अधिक ०.२५, म्हणजे ०.५. ही सहक्रिया. १ च्या वर गेले तर एकमेकांना मारक. ०.९ आणि १.१ यांवरून निष्कर्ष काढू नका, तेवढा फरक पिपेटचा असतो.

प्रयोग बिघडतो तो बहुधा पुढच्या ठिकाणी. ९६ कुपांच्या ताटलीतले कडेचे ३६ कूप लवकर आटतात. त्यांत बफर भरून ठेवा आणि मधले ६० वापरा. औषध विरघळवायचे डीएमएसओ सगळीकडे सारखे, शक्यतो ०.१ टक्के. मिश्रणाच्या कुपात दोन्हींचे मिळून दुप्पट झाले तर सहक्रिया डीएमएसओची दिसेल. पायरेथ्रॉइड पाण्यात विरघळत नाहीत. ती प्लास्टिकला आणि सिरममधल्या प्रथिनांना चिकटतात, तेव्हा तुम्ही घातलेली मात्रा पेशीपर्यंत पोचलीच असे नाही. दुकानातली बाटली वापरू नका. तिच्यातला द्रावक आणि साबणासारखा पृष्ठसक्रिय घटक पेशींचे आवरण फाडतो. ग्लायफोसेटच्या काही तयार औषधांत मूळ विषापेक्षा पीओईए हा मिसळलेला घटकच पेशींना जास्त घातक ठरतो. शुद्ध प्रमाणित नमुना मागवा.

आता हेप-जी-२ विषयी. या यकृताच्या गाठीतल्या पेशी आहेत. वाढवायला सोप्या, पण यकृताची अर्धी कामे विसरलेल्या. त्यांच्यात सायटोक्रोम पी-४५० एन्झाइमे अगदी कमी असतात. क्लोरपायरिफॉसला विषारी ऑक्सॉन व्हायला हीच एन्झाइमे लागतात. म्हणून या पेशींवर ते भलतेच निरुपद्रवी दिसू शकते. ऑक्सॉन वेगळा घालून पाहा, किंवा हेपा-आरजी या यकृताच्या दुसऱ्या पेशी मिळतात का ते बघा. दुसरी मेख साखरेची. भरपूर ग्लुकोज असलेल्या माध्यमात या पेशी मायटोकॉन्ड्रिया या आपल्या ऊर्जाघराशिवायही ऊर्जेची सोय लावतात. रोटेनोन किंवा फेनाझाक्विन मायटोकॉन्ड्रियातल्या श्वसनसाखळीचा पहिला टप्पा अडवतात, बॉस्कॅलिड दुसरा, अ‍ॅझॉक्सिस्ट्रोबिन तिसरा. पण ग्लुकोजमध्ये पेशी ताठ उभ्या दिसतात. ग्लुकोज काढून १० मिलिमोलर गॅलॅक्टोज दिले की त्यांना मायटोकॉन्ड्रियावर विसंबावे लागते आणि खरे रूप उघडे पडते. एकाच साखळीचे दोन वेगवेगळे टप्पे अडवणाऱ्या औषधांची जोडी प्रकल्पाला चांगली, मार्गदर्शकांना विचारून पाहा.

एमटीटीचा जांभळा रंग मायटोकॉन्ड्रियाच्या आणि पेशीच्या चयापचयाचा आहे, जिवंतपणाचा दाखला नव्हे. मायटोकॉन्ड्रियावरच वार करणारे औषध असेल तर पेशी जिवंत असूनही रंग फिका येईल. जोडीला पेशीबाहेर सांडलेले एलडीएच हे एन्झाइम मोजा. डीएनएची मोडतोड हवी असेल तर कॉमेट चाचणी. आणि शेवटच्या प्रकरणात तुमच्या मायक्रोमोलर मात्रांची माणसाच्या रक्तात सापडणाऱ्या पातळीशी तुलना करायला विसरू नका. ती बहुधा हजारपट खाली असते.

मानकुरादवर तुडतुडे आणि भुरी एकदम येतात. हेक्साकोनाझोल आणि कीटकनाशक एकत्र मारतो. बुरशीनाशक तर निरुपद्रवी ना?
– आंबा बागायतदार, पेडणे

हेक्साकोनाझोल, प्रोपिकोनाझोल, टेब्युकोनाझोल ही ‘झोल’ मंडळी बुरशीचे एक सायटोक्रोम पी-४५० एन्झाइम अडवतात. त्याच घराण्यातली एन्झाइमे आपल्या यकृतात इतर औषधे मोडतात आणि अधिवृक्क व जननग्रंथीत संप्रेरके घडवतात. मानवी पेशींवरच्या चाचण्यांत अनेक झोल संप्रेरकांची निर्मिती कमी करतात असे दिसते. मधमाश्यांत तर काही झोलांनी अ‍ॅसिटामिप्रिडची विषबाधा प्रयोगशाळेत शंभर पटींहून अधिक वाढवली. इमिडाक्लोप्रिडची वाढ तुलनेने नगण्य. फळ खाणाऱ्यापर्यंत पोचणारी मात्रा लहान असते, पंप वाहणाऱ्याची लहान नसते. भुरीला सुरुवातीलाच पाण्यात विरघळणारे ८० टक्के गंधक १० लिटरला २० ग्रॅम पुरते, तेवढ्यात भागले तर झोल नको. मोहर फुलला असताना मिश्रण तर नकोच.

घरात रात्री डासांची कॉइल, बेडरूममध्ये लिक्विड मशीन, आणि आठवड्यातून एकदा झुरळांचा स्प्रे. नातवाला दमा आहे. हे सगळे मिळून काय होत असेल?
– आजोबा, मडगाव

मशीनमधले ट्रान्सफ्लुथ्रिन किंवा प्रॅलेथ्रिन, कॉइलमधले औषध आणि झुरळांच्या स्प्रेमधले सायपरमेथ्रिन-इमिप्रोथ्रिन, सगळी पायरेथ्रॉइडच. एकाच लक्ष्यावर, म्हणून बेरीज धरा. काही स्प्रेंमध्ये पिपेरोनिल ब्युटॉक्साइडही असते. ते स्वतः कीड फारशी मारत नाही. किड्याची पायरेथ्रॉइड मोडणारी पी-४५० एन्झाइमे बंद करणे एवढेच त्याचे काम. डब्यावरच्या घटकांत हे नाव असेल तर त्याच खोलीत त्या रात्री मशीन लावू नका.

दम्यासाठी मात्र पहिली काढायची ती कॉइल, आणि ती विषापेक्षा धुरामुळे. २००३ च्या एका मोजणीत एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले होते. खिडक्यांना जाळी, मुलाला मच्छरदाणी, आणि झुरळांसाठी स्प्रेऐवजी जेलचे ठिपके: ओट्याखाली, सिंकच्या मागे, फ्रिजच्या बिजागरीपाशी मुगाएवढे. जेलवर स्प्रे मारू नका, झुरळ मग त्याला तोंड लावत नाही.

कुळागरात हंगामभर फवारणी करणारे तीन कामेरी आहेत. त्यांच्या रक्ताची कोणती तपासणी करावी? मागे एकदा केली तर ‘नॉर्मल’ आली.
– बागायतदार, केपे

‘कोलिनएस्टरेज’. ती दोन प्रकारची: तांबड्या पेशींतली आणि रक्तद्रवातली. तांबड्या पेशींतली मज्जातंतूंतल्या एन्झाइमच्या जास्त जवळची. रक्तद्रवातली लवकर घसरते आणि काही आठवड्यांत सावरते, पण यकृताचा आजार, गरोदरपण, कुपोषण यांतही कमी येते. जमल्यास दोन्ही करा.

‘नॉर्मल’ शब्दावर जाऊ नका. समजा रक्तद्रवातल्या एन्झाइमसाठी प्रयोगशाळेची पट्टी ५३०० ते १२९०० आहे. कामगाराचा मूळ आकडा ९०००, आणि तीन आठवड्यांच्या फवारणीनंतर ५६००. अहवाल म्हणेल नॉर्मल. पण त्याचे एन्झाइम ३८ टक्क्यांनी घसरले आहे. म्हणून हंगामापूर्वी, किमान ३० दिवस ऑर्गॅनोफॉस्फेट-कार्बामेटचा संबंध नसताना, प्रत्येकाचा मूळ आकडा काढून वहीत लिहून ठेवा. पुढच्या तपासण्या त्याच प्रयोगशाळेत, त्याच पद्धतीने. कॅलिफोर्नियातल्या नियमांचे आकडे वापरण्याजोगे आहेत. मूळच्या ८० टक्क्यांखाली आले तर कामाची पद्धत तपासायची. तांबड्या पेशींतले ७० टक्क्यांवर किंवा रक्तद्रवातले ६० टक्क्यांवर उतरले की माणूस फवारणीतून बाहेर. दोन्ही पुन्हा ८० टक्क्यांवर आल्याशिवाय पंप हाती द्यायचा नाही. वरच्या उदाहरणातला ६२ टक्के, म्हणजे काठावर. तांबड्या पेशींतले एन्झाइम दिवसाला साधारण एक टक्क्याने भरते, कारण ते नव्या पेशींबरोबरच येते. आठवडाभराच्या सुट्टीने भागत नाही.

एक मर्यादा. या तपासणीत पायरेथ्रॉइड, झोल, निओनिकोटिनॉइड (इमिडाक्लोप्रिडचा गट) काहीच दिसत नाही. मिश्रण मारणाऱ्या माणसाचा कोलिनएस्टरेज उत्तम असला तरी त्यावरून बाकीच्यांबद्दल काही कळत नाही. कपडे मात्र सगळ्यांसाठी सारखे: फवारणीचा जोड वेगळ्या बादलीत, गरम पाणी आणि डिटर्जंट, दोनदा. घरच्या कपड्यांत मिसळू नये, आणि घरी नेऊच दिला नाही तर उत्तम.

फवारणीनंतर दूध प्यायले की विष उतरते म्हणतात.
– वाचक, काणकोण

उतरत नाही. कातडीतून आत गेलेल्यावर पोटातले दूध काय करणार? गिळले गेले असेल तर दूध, लिंबू, मिठाचे पाणी काहीही पाजू नका आणि उलटी काढू नका. तेलकट द्रावक उलटीबरोबर फुप्फुसात गेला तर विषाइतकाच घात करतो.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या, लाळ, घाम, खोकल्यात फेस, दंडाचे-पापणीचे स्नायू फडफडणे ही ऑर्गॅनोफॉस्फेटची खूण. चेहऱ्याला मुंग्या आणि जळजळ ही पायरेथ्रॉइडची. कपडे काढा, साबणाने १५ ते २० मिनिटे अंग धुवा, केस आणि नखांच्या कडाही. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत. माणूस गुंगीत असेल तर कुशीवर निजवा आणि १०८ ला फोन करा. ऑर्गॅनोफॉस्फेटवर अ‍ॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम आहे. पायरेथ्रॉइडला उतारा नाही, आकडी आली तर तिच्यावर इलाज होतो. दोन्ही असतील तर डॉक्टरांना दोन्ही कळायला हवीत, कारण एकाच डब्यावरून त्यांनी उपचार ठरवले तर दुसऱ्याची लक्षणे कोडे होऊन बसतात. पंपात जे जे ओतले त्या सगळ्यांचे डबे, निदान लेबलचे फोटो, बरोबर न्या. औषध पानाला चिकटवणारे स्टिकर घातले असेल तर त्याचीही बाटली.